आधी देव ओळखा, मग क्षण शोधा : नवअभिजात चित्रांतली ग्रीक-रोमन पुराणं पाहायला शिकताना

अँग्र या फ्रेंच चित्रकाराचं 'ज्युपिटर आणि थेटिस' मी पहिल्यांदा पाहिलं ते रद्दीच्या दुकानातून आणलेल्या एका जाडजूड पुस्तकात. सिंहासनावर डोंगरासारखा बसलेला देव, त्याच्या पायाशी गुडघे टेकलेली एक स्त्री, आणि तिचा एक हात थेट त्याच्या दाढीपर्यंत गेलेला. बायको नवऱ्याची मनधरणी करते आहे, असं मी धरून चालले. पुढे कित्येक महिन्यांनी तेच पान पुन्हा उघडलं, तेव्हा चित्राच्या काठाशी, ढगाआडून बघणारा तिसरा चेहरा दिसला. खरी बायको ती होती. पायाशी बसलेली होती ती एक आई, मुलासाठी पदर पसरायला आलेली. एवढं कळल्यावर चित्रातला तो हात मला वेगळाच दिसायला लागला.

हा लेख तशाच नवख्या वाचकासाठी आहे. ग्रीक पुराणं शाळेत शिकलेली नाहीत, कलेचा इतिहास वाचलेला नाही, पण ही चित्रं समोर आली की नजर थांबते, आणि थांबून नेमकं काय बघायचं ते उमगत नाही, अशा कोणासाठीही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्याच्या पहिल्या काही दशकांपर्यंत युरोपात जी नवअभिजात, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन कलेला आदर्श मानणारी, चित्रकला बहरली, तिच्यापुरतंच मी बोलणार आहे. खालच्या पायऱ्या मी स्वतः वापरते, त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पहिली पायरी : तीनच चित्रं निवडा

पन्नास चित्रं चाळली की पन्नासही विसरतात. तीन घ्या आणि महिनाभर तीच पाहा. माझी शिफारस अशी : फ्रांस्वा जेरारचं 'सायकी आणि क्युपिड' (१७९८), जाक-लुई दाव्हिदचं 'हेक्टरसाठी शोक करणारी अँड्रोमॅकी' (१७८३) आणि अँग्रचं 'ज्युपिटर आणि थेटिस' (१८११). पहिली दोन पॅरिसच्या लुव्र संग्रहालयाची, तिसरं दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हान्स गावच्या ग्राने संग्रहालयात. पहिल्यात प्रेम आहे, दुसऱ्यात मरण आणि तिसऱ्यात याचना. एवढ्या सामग्रीवर महिना आरामात निघतो.

प्रत्यक्ष जाणं झालं तर उत्तमच, पण त्यासाठी अडून बसू नका. लुव्रने २०२१ मध्ये आपला संग्रह ऑनलाइन खुला केला, तेव्हाच त्यात ४ लाख ८० हजारांहून अधिक नोंदी होत्या. चित्र मोबाइलवर पाहू नका. लॅपटॉप किंवा टीव्हीच्या पडद्यावर घ्या आणि मोठं करून कोपरे पाहा. या चित्रकारांनी कोपऱ्यात फार काही ठेवलेलं असतं.

दुसरी पायरी : दहा मिनिटं काहीही वाचायचं नाही

घड्याळ लावा. चित्राखालची पाटी झाका. एक कागद घ्या आणि त्यावर फक्त दोन गोष्टी लिहा : कोण कोणाकडे बघतंय, आणि कोणाचे हात कुठे आहेत.

नवअभिजात चित्रकार चेहऱ्यावर भाव फार उधळत नाही. जर्मन अभ्यासक विंकेलमानने १७५५ मध्ये ग्रीक कलेचं वर्णन 'उदात्त साधेपणा आणि शांत भव्यता' असं केलं, आणि पुढच्या दोन पिढ्या त्या शब्दांवर पोसल्या गेल्या. आत वादळ असलं तरी चेहरा स्थिर हवा. मग ते वादळ दाखवायचं कुठे? हातांत आणि नजरांत. म्हणून चेहऱ्यावरून सुरुवात केली तर ही चित्रं थंड वाटतात. पुष्कळ जण तिथेच कंटाळून पुढे जातात.

जेरारच्या चित्रावर हे करून बघा. सायकी बसलेली आहे आणि समोर बघते आहे, पण कोणाकडेच बघत नाही. प्रेमाचा देव क्युपिड तिच्यावर वाकून कपाळाला ओठ लावतो आहे आणि ती त्याच्याकडे पाहत नाही. का? कारण तो तिला दिसतच नाही. आता त्याचे हात पाहा. ते तिच्याभोवती आहेत, पण धरलेली मिठी नव्हे ती. पाण्यावरचा दिवा वाऱ्यापासून जपावा तसे ते हात तिच्याभोवती थबकले आहेत. तिचे स्वतःचे हात अंगाशी घेतलेले, जणू अचानक गारवा जाणवला. आणि तिच्या डोक्यावर एक फुलपाखरू उडतंय. तेही लिहून ठेवा. त्याचं काम पुढे लागणार आहे.

तिसरी पायरी : लांछनावरून देव ओळखा

इथे मराठी वाचकाला आयती शिदोरी मिळालेली आहे. आपण देवळातली मूर्ती चेहऱ्यावरून ओळखत नाही. हातात शंख-चक्र-गदा-पद्म दिसलं की विष्णू, पायाशी उंदीर असला की गणपती, आणि चोवीस तीर्थंकर तर जवळजवळ एकसारखेच बसलेले, पीठावरचं लांछन पाहिल्याशिवाय नाव सांगता येत नाही. ग्रीक-रोमन देवांचंही असंच आहे. आयुध, वाहन, लांछन शोधा.

गरुड आणि वज्र म्हणजे झ्यूस. मोर म्हणजे त्याची बायको हेरा. शिरस्त्राण घातलेली, ढालीवर किंवा छातीवर मेडुसाचं, म्हणजे केसांच्या जागी साप असलेल्या राक्षसीचं, मुंडकं मिरवणारी, जवळ घुबड, ती अथेना. कबुतरं, गुलाब आणि सोबत पंखवाला पोरगा असेल तर ॲफ्रोडायटी. लायर नावाचं तंतुवाद्य आणि लॉरेलच्या पानांचा मुकुट अपोलोचा. कपाळावर चंद्रकोर, हाती धनुष्य आणि सोबत कुत्रा, ही आर्टेमिस. पंखांची टोपी, पंखांच्या वहाणा, दोन साप गुंडाळलेली काठी, हा हर्मीस. सिंहाचं कातडं आणि सोटा हेराक्लीसचा. द्राक्षवेल आणि बिबट्याचं कातडं डायोनिससचं. इतकं पाठ झालं तरी बहुतेक चित्रांत निम्मी माणसं ओळखू येतात.

फक्त आपल्या खुणा तिकडे लावू नका. मोर दिसला की आपल्याला सरस्वती किंवा कार्तिकेय आठवतो. तिथे तो एका संशयी, मानी राणीचा पक्षी आहे. घुबड आपल्याकडे घराच्या आढ्यावर बसलं तर लोक धास्तावतात, तिथे ते शहाणपणाचं. त्रिशूळ दिसला म्हणून शंकर समजायचं नाही. तो समुद्रदेव पोसायडनचा. झ्यूस म्हणजे इंद्र, क्युपिड म्हणजे मदन, एवढी सांगड पहिल्या दिवशी कामाला येते. दुसऱ्या दिवशी ती बाजूला ठेवावी. नाहीतर मदनाचं दहन मनात घोळत राहतं आणि समोरच्या क्युपिडची गोष्ट दिसत नाही.

नावांचा घोळ एकदाच मिटवून टाका. प्रत्येक देवाला ग्रीक आणि रोमन अशी दोन नावं आहेत, आणि चित्रांच्या पाट्यांवर बहुधा रोमन नाव असतं. झ्यूस-ज्युपिटर, हेरा-ज्यूनो, अथेना-मिनर्व्हा, ॲफ्रोडायटी-व्हीनस, एरीस-मार्स, आर्टेमिस-डायना, हर्मीस-मर्क्युरी, पोसायडन-नेपच्यून, डायोनिसस-बॅकस, एरॉस-क्युपिड. अपोलो तेवढा दोन्हीकडे अपोलो. वहीच्या पहिल्या पानावर ही जोडनावं लिहून ठेवा, पुढे शोधाशोध वाचते.

आता ते फुलपाखरू. ग्रीक भाषेत 'सायकी' या शब्दाचा अर्थ प्राण, आत्मा, आणि फुलपाखरूही. म्हणजे जेरारने तिच्या डोक्यावर तिचं नावच उडतं ठेवलं आहे.

चौथी पायरी : क्षण शोधा

माझ्या मते सगळी मेख याच पायरीवर आहे. कोण कोण आहे ते कळलं की लोक समाधानाने पुढच्या चित्राकडे वळतात, आणि खरं पाहणं तिथून तर सुरू होतं.

कीर्तनाला बसलेल्या श्रोत्यांना आख्यान पाठ असतं. बुवा आज ते कुठून उचलतात आणि कुठे थांबून झांज वाजवतात, यासाठी लोक येतात. त्या काळच्या पॅरिस-रोम-लंडनमधल्या शिकल्यासवरल्या प्रेक्षकाचं तसंच होतं. होमरचं 'इलियड', व्हर्जिलचं 'इनियड', ओव्हिडच्या रूपांतरांच्या कथा त्याच्या तोंडी होत्या. चित्रकाराला गोष्ट सांगायची नव्हतीच, त्याला त्यातला एक क्षण निवडायचा होता. लेसिंग या जर्मन लेखकाने १७६६ मध्ये हेच मांडलं : कवीच्या हाती अख्खा काळ असतो, चित्रकाराला एकच क्षण मिळतो, म्हणून त्याने असा क्षण घ्यावा ज्याच्या पोटात आधीचं आणि पुढचं दोन्ही असेल. धडाक्याचा क्षण शक्यतो टाळावा, कारण त्याच्या पुढे कल्पनेला जागाच उरत नाही.

'ज्युपिटर आणि थेटिस'कडे परत जाऊ. गोष्ट 'इलियड'च्या, म्हणजे ग्रीक आणि ट्रॉय शहर यांच्या युद्धाच्या महाकाव्याच्या, पहिल्याच सर्गातली. ग्रीकांचा सेनापती ॲगमेम्नॉन हा अकिलीसचा भर सभेत अपमान करतो, त्याच्या वाट्याला आलेली युद्धबंदी स्त्री ब्रिसेइस हिसकावून घेतो. अकिलीस समुद्राकाठी जाऊन आईला हाक मारतो. ही आई म्हणजे समुद्रकन्या थेटिस. ती देवांच्या ऑलिम्पस पर्वतावर जाऊन झ्यूसचे गुडघे धरते, दुसऱ्या हाताने त्याची हनुवटी धरते आणि मागते : माझ्या मुलाचा मान राखला जाईपर्यंत ट्रॉयवाल्यांना जिंकू दे. गुडघे आणि हनुवटी धरून मागणं ही ग्रीकांची याचनेची रीतच होती, आपल्याकडचं पाय धरणं तसं. थेटिसचा झ्यूसवर जुना उपकारही होता. एकदा बाकीचे देव त्याला बांधून टाकायला निघाले, तेव्हा तिनेच मदत आणून त्याला सोडवलं होतं.

यानंतर होमर सांगतो की झ्यूस बराच वेळ काहीच बोलला नाही. थेटिसने पुन्हा मागितलं. मग तो बोलला, हेरा भांडेल म्हणून कुरकुरला, आणि शेवटी त्याने मान डोलावली. त्या एका होकाराने ऑलिम्पस हादरला.

हादरणारा ऑलिम्पस रंगवणं किती सोपं झालं असतं. विजा, ढग, फाटलेलं आकाश. अँग्रने तो क्षण घेतला नाही. त्याने मधली ती गप्प वेळ घेतली. झ्यूस सरळ समोर बघतोय, थेटिसकडे नाही, आपल्याकडेही नाही. त्याचा दगडी चेहरा पाहून 'काहीच भाव नाहीत' असं वाटतं, आणि तसंच वाटायला हवं, कारण उत्तर अजून ठरलेलं नाही. त्या मानेच्या एका हालचालीवर हजारो माणसांचं मरण टांगलेलं आहे. थेटिसचा गळा मागे ओढला जाऊन इतका लांबला आहे की शरीरशास्त्राच्या हिशेबात तो बसत नाही. पॅरिसच्या परीक्षकांनी यावरून अँग्रला बोल लावले. मला तो गळा चुकीचा वाटत नाही. मान उंचावून उंचावून तिने विचारलं आहे, आणि वरून काहीच येत नाही. हेरा मात्र ढगाच्या काठावरून सगळं बघते आहे, म्हणजे होकार आला तर भांडण ठरलेलंच. आधीचा अपमान, पुढचं युद्ध आणि घरातला कलह, सगळं त्या एका मुक्या वेळात येऊन बसलं आहे.

प्रत्येक चित्राला हेच तीन प्रश्न विचारा. या क्षणाच्या अगदी आधी काय झालं? लगेच पुढे काय होणार? आणि चित्रकाराने तो आधीचा किंवा पुढचा क्षण का नाही घेतला? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमचं तुम्हालाच शोधावं लागतं. ते कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नसतं.

पाचवी पायरी : दाव्हिदचं शिरस्त्राण

हे चौथ्या पायरीचंच पुढचं पाऊल आहे, पण त्याला वेगळी जागा द्यावीशी वाटते.

दाव्हिदच्या अँड्रोमॅकीच्या चित्रात ट्रॉयचा वीर हेक्टर मरून पडला आहे. अकिलीसने त्याला मारलं, प्रेताची विटंबना केली, आणि अखेर म्हाताऱ्या बापाने शत्रूच्या तंबूत जाऊन, हात जोडून ते परत आणलं. आता पलंगावर प्रेत आहे, शेजारी विधवा अँड्रोमॅकी वर बघत बसली आहे, तिचा एक हात नवऱ्याकडे पसरलेला, आणि लहानगा अस्तियानॅक्स आईला बिलगायला बघतोय. चित्र मोठं करा. पलंगाच्या कडेवर कोरीव चौकटी आहेत. त्यात हेक्टरने घेतलेला निरोप आणि त्याचं मरण कोरलेलं दिसतं. चित्रातल्या लाकडावर दाव्हिदने आधीची गोष्ट कोरून ठेवली आहे.

आता हेक्टरचं शिरस्त्राण शोधा. ते तिथेच ठेवलेलं आहे, तुऱ्यासकट. 'इलियड'च्या सहाव्या सर्गात हेक्टर लढाईला निघताना मुलाला घ्यायला हात पुढे करतो, आणि त्या शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा हलता तुरा पाहून बाळ घाबरून दाईच्या कुशीत शिरतं. आईबाप दोघंही हसतात. हेक्टर शिरस्त्राण उतरवून जमिनीवर ठेवतो, मग मुलाला उचलून घेतो, त्याचा पापा घेतो आणि देवांजवळ मागतो की हा माझ्याहून मोठा वीर निघो. अख्ख्या युद्धकाव्यातला एवढा घरगुती प्रसंग दुसरा नाही.

चित्रात शिरस्त्राण पुन्हा उतरवून ठेवलेलं आहे. मूल आता त्याला भीत नाही, आणि उचलून घेणारा उठत नाही. पुढचं होमरने सांगितलेलं नसलं तरी त्या काळच्या प्रेक्षकाला ठाऊक होतं : ट्रॉय पडल्यावर हे पोर तटावरून खाली फेकलं जाणार आहे. हे समजून पुन्हा चित्र पाहा. आईचा चेहरा तोच आहे, पण तिच्या कुशीतला हात बघवत नाही.

हे चित्र देऊन दाव्हिदने पॅरिसच्या राजेशाही कला अकादमीचं सदस्यत्व मिळवलं. तेव्हा तो पस्तिशीत होता.

सहावी पायरी : काय गाळलंय ते विचारा

जिरोदेचं 'एंडिमिऑनची निद्रा' (१७९१, लुव्र) याला सगळ्यात चांगलं. चंद्रदेवता एंडिमिऑन नावाच्या देखण्या मेंढपाळावर भाळते आणि तो झोपलेला असताना रोज रात्री त्याला भेटायला येते. ही गोष्ट आधी कितीतरी जणांनी रंगवली होती, आणि देवी बहुधा ढगावरून उतरताना दाखवली जायची. जिरोदेच्या चित्रात देवी नाहीच. पंखवाला एक खट्याळ पोरगा झाडाच्या फांद्या बाजूला सारतो आहे, आणि त्या फटीतून चांदणं झोपलेल्याच्या चेहऱ्यावर, छातीवर उतरतंय. ते चांदणं म्हणजेच देवी. कुत्रादेखील गाढ झोपला आहे. जिरोदे दाव्हिदचा शिष्य होता आणि गुरूची नक्कल न करता काहीतरी स्वतःचं करून दाखवायची त्याला आच होती. विशीच्या जेमतेम मध्यावर असलेल्या पोराने रोममध्ये बसून हे रंगवलं.

सातवी पायरी : बटर पेपर घ्या

चित्राची प्रिंट काढा, त्यावर बटर पेपर ठेवा आणि पेन्सिलीने फक्त कडा गिरवा. चित्र काढता येत नाही ही सबब चालणार नाही. इथे गिरवायचंच आहे.

पाच मिनिटांत तीन गोष्टी हाताला कळतात. एक, रेषा तुटत नाही. खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत ती अखंड वाहते, कारण हे चित्रकार रंगाआधी रेषेचे होते. दोन, माणसं एकामागे एक खोल जाण्याऐवजी एका ओळीत, एका पातळीवर उभी आहेत, उठावशिल्पातल्यासारखी. मागे बहुधा भिंत, पडदा किंवा खडक, म्हणजे नजर पळून जाऊ नये. तीन, कपड्यांच्या चुण्या अंगाचा आकार सांगतात. त्या झाकायला नाहीत, उलगडून दाखवायला आहेत.

हे सगळं पुतळ्यांकडून आलं. हर्क्युलेनियमचं उत्खनन १७३८ मध्ये आणि पाँपेईचं १७४८ मध्ये सुरू झालं, ज्वालामुखीच्या राखेखालून अख्खी शहरं वर यायला लागली, आणि तरुण चित्रकार शिक्षणासाठी रोमला जाऊन वर्षानुवर्षं प्राचीन शिल्पांवरून रेखाटनं करू लागले. विद्यार्थ्याने आधी छापील चित्रांवरून, मग प्लास्टरच्या मूर्तींवरून आणि त्यानंतरच जिवंत मॉडेलवरून काढायचं, असा शिरस्ता होता. १८५७ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतींवरून रेखाटन शिकवलं गेलं, ती याच शिरस्त्याची शाखा. त्या मूर्ती मुळात रंगवलेल्या होत्या, हे मात्र नवअभिजात पिढीने फारसं मनावर घेतलं नाही. त्यांच्या डोळ्यांना पांढरा संगमरवरच दिसला, आणि म्हणून त्यांच्या चित्रांतली कातडीही अनेकदा संगमरवरासारखी गार आणि गुळगुळीत दिसते. कुंचल्याचा फटकारा कुठे शोधूनही सापडत नाही.

नग्नतेविषयी नवखा वाचक विचारायला बिचकतो, म्हणून इथेच सांगते. ग्रीक शिल्पात देव आणि वीर विवस्त्र दाखवण्याची प्रथा होती, आणि हे चित्रकार ती प्रथा चालवत होते. त्यांच्या काळातही सगळ्यांना ते रुचलं नव्हतं. दाव्हिदने १७९९ मध्ये 'साबाइन स्त्रिया' हे चित्र तिकीट लावून दाखवलं, तेव्हा सोबतच्या पुस्तिकेत आपल्या वीरांच्या नग्नतेचा खुलासा त्याला करावा लागला होता.

आठवी पायरी : भिंतीवर माप घ्या

पडद्यावर सगळी चित्रं एकाच आकाराची होतात. हे फार मोठं नुकसान आहे. मोजपट्टी घ्या आणि घरच्या भिंतीवर खडूने खुणा करा. 'सायकी आणि क्युपिड'ची उंची १८६ सेंटीमीटर, म्हणजे सहा फुटांहून थोडी जास्त. समोर उभं राहिलं की ती दोघं जवळजवळ आपल्याच मापाची. 'ज्युपिटर आणि थेटिस' मात्र सव्वातीन मीटरच्या आसपास उंच, म्हणजे साडेदहा फूट. बहुतेक फ्लॅटमध्ये ते उभंच राहणार नाही, छताला लागेल. त्याच्यापुढे आपण आपोआप थेटिसच्या जागी जातो, मान वर करून.

नववी पायरी : एकच देव, दोन चित्रं

दाव्हिदच्या आयुष्याच्या दोन टोकांना युद्धदेव मार्स उभा आहे. १७७१ मध्ये, तेविशीत, त्याने 'मार्स आणि मिनर्व्हाचं द्वंद्व' रंगवलं, रोमच्या शिष्यवृत्तीच्या स्पर्धेसाठी. दुसरं बक्षीस मिळालं. ती शिष्यवृत्ती हाती यायला त्याला १७७४ साल उजाडावं लागलं. हे चित्र अजून रोकोको, म्हणजे नवअभिजाताच्या आधीच्या नखरेल शैलीच्या, वळणाचं आहे : गुलाबी ढग, फडफडणारी वस्त्रं, वर तरंगणारी व्हीनस, आणि जमिनीवर आडवा झालेला युद्धदेव. मग १८२४ मध्ये, पंच्याहत्तरी उलटत असताना, 'व्हीनस मार्सला निःशस्त्र करते'. मधल्या त्रेपन्न वर्षांत राज्यक्रांती झाली, त्याने राजाच्या देहदंडाच्या बाजूने मत दिलं, तुरुंग पाहिला, नेपोलियनचा चित्रकार झाला आणि अखेर देशाबाहेर ब्रुसेल्सला राहिला. दोन्ही चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी ठेवा.

दुसऱ्यात तिसरी पायरी उलटी फिरवलेली दिसेल. व्हीनसच्या सोबतिणी असलेल्या तिघी ग्रेसेस मार्सची आयुधं काढून नेताहेत, एकीच्या हाती मद्याचं पात्र आहे, आणि क्युपिड खाली वाकून त्याच्या वहाणेचा बंद सोडतो आहे. ज्या खुणांवरून देव ओळखायचा त्याच एकेक करून उतरवल्या जात आहेत. सगळ्या खुणा गेल्यावर तिथे कोण उरेल, हा प्रश्न मला या चित्राने घातला. दाव्हिद पुढच्याच वर्षी, १८२५ मध्ये, ब्रुसेल्सला वारला.

दहावी पायरी : आता मूळ गोष्ट वाचा

आधी नाही, आता. अख्खं 'इलियड' वाचायची गरज नाही. पहिला, सहावा आणि चोविसावा सर्ग वाचा, तेवढ्यात वरची दोन चित्रं पुरी उलगडतात. सायकीची गोष्ट दुसऱ्या शतकातल्या अप्युलियसच्या 'गोल्डन ॲस'मध्ये आहे. ती वाचताना एक मौज लक्षात येईल. गोष्टीत क्युपिड बायकोला भेटतो तो रात्रीच्या अंधारात, आणि जेरारचं चित्र मात्र दिवसाच्या उजेडात आहे. तिला न दिसणं अंधारामुळे नाही, तर तो देव आहे म्हणून. चित्रकाराने मूळ कथा कुठे वाकवली हे सापडणं, माझ्यासाठी तरी, सगळ्यात आनंदाचं असतं.

सरावासाठी घरचीही सामग्री आहे. मुंबईच्या हुतात्मा चौकातल्या फ्लोरा फाउंटनवर (१८६४) उभी असलेली फ्लोरा ही रोमन पुष्पदेवता. तिच्यापाशी थांबून वस्त्राच्या चुण्या पाहा. आणि आजीच्या घरी राजा रविवर्म्याची जुनी छापील चित्रं असतील, मळवलीच्या छापखान्यातली असतील तर फारच छान, ती उतरवून घ्या. रविवर्मा नवअभिजात नव्हे, त्याची शैली त्याच झाडाच्या नंतरच्या फांदीची, युरोपीय अकादमिक वास्तववादाची. पण 'हंस-दमयंती'ला तेच तीन प्रश्न विचारा. नळ चित्रात नाही. हंस बोलतोय आणि दमयंती ऐकतेय. गाळणं आणि क्षण निवडणं, दोन्ही तिथे सापडेल, आणि ही गोष्ट तर आपल्याला पाठच आहे.

शेवटी एक चित्र तुमचं तुम्ही सोडवा. अँजेलिका काउफमानचं 'थिसियसने त्यागलेली आरियाद्नी' (१७७४), अमेरिकेत ह्यूस्टनच्या संग्रहालयात आहे. काउफमान लंडनच्या रॉयल अकादमीच्या १७६८ च्या संस्थापक सदस्यांपैकी. त्यांत स्त्रिया दोनच होत्या, आणि जिवंत मॉडेल समोर ठेवून काढलेल्या सदस्यांच्या समूहचित्रात या दोघींना मॉडेलच्या खोलीत जागा न देता भिंतीवर टांगलेल्या तसबिरी म्हणून रंगवलं गेलं. तिच्या चित्राबद्दल एवढंच सांगते : आरियाद्नीने आपल्या घरच्यांशी वैर पत्करून थिसियसला चक्रव्यूहातून बाहेर काढलं, आणि तो तिला एका बेटावर झोपेत सोडून निघून गेला. पाटी झाका, घड्याळ लावा. क्युपिड काय करतोय ते पाहा, दागिन्यांची पेटी पाहा, आणि दूर पाण्यावरचं ते जहाज किती लहान रंगवलंय ते बोटाने मापून बघा.